शोरहॅमची बोली : १७७० च्या एका पोटनिवडणुकीचे प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्स परगण्यात न्यू शोरहॅम नावाचे छोटे बंदर आहे. अठराव्या शतकात तिथे लाकडी जहाजे बांधत. गावाची चूल जहाजाच्या कामावर पेटायची. काम आले की सुतार-लोहारांपासून दुकानदारांपर्यंत सगळ्यांच्या हाती पैसा खुळखुळे, आणि काम थांबले की गाव बसून राही. या गावाला संसदेत दोन जागा होत्या. स्थानिक कर भरणाऱ्या रहिवाशांना मत होते आणि असे मतदार जेमतेम सव्वाशेच्या आसपास होते.

१८३२ मध्ये संसदेचे मतदारसंघ सुधारले गेले, त्याआधीचे भ्रष्ट मतदारसंघ म्हटले की आपल्याकडच्या पुस्तकांत ओल्ड सॅरमचे नाव येते. माणसे उठून गेलेली, उजाड टेकडी उरलेली, तरी संसदेत दोन सदस्य. पण ओल्ड सॅरममध्ये विकत घ्यायला मतदारच नव्हते. तिथे जमीन घेतली की जागा मिळायची. काही मतदारसंघ एखाद्या जमीनदाराच्या मुठीत असत, तो सांगेल त्यालाच मत. शोरहॅम या दोन्हींत बसत नाही. इथे मतदार खरे होते, निवडणूक खरी होती, चुरसही खरी होती. गावाला कुणी धनी नव्हता, म्हणून गावाने स्वतःच स्वतःची किंमत लावली. मला हे प्रकरण ओल्ड सॅरमपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. उजाड टेकडी नकाशावरून पुसता येते, पण जिवंत गाव संगनमताने विकले जाते तेव्हा काय करायचे, हा प्रश्न तितका सोपा नाही.

मंडळ कसे चालायचे

गावातल्या बहुसंख्य मतदारांनी मिळून ‘ख्रिश्चन सोसायटी’ नावाचे मंडळ काढले होते. बाहेर सांगायला ते धर्मादाय काम होते. आत मात्र शुभवर्तमानावर हात ठेवून गुप्ततेची शपथ घेतली जाई, आणि एकमेकांशी बांधून राहण्याचा करारनामा केला जाई. मोडला तर दंड.

यातली खरी हुशारी पाच जणांच्या समितीत होती. १७२९ च्या लाचविरोधी कायद्यानुसार मतदाराला मत देण्यापूर्वी शपथ घ्यायला लावता येत असे. मतासाठी मी थेट किंवा आडून पैसा, नोकरी, भेट घेतलेली नाही आणि तसे वचनही घेतलेले नाही, अशी ती शपथ. खोटी ठरली तर गुन्हा. मंडळाने वाट काढली ती अशी : उमेदवारांशी बोलणी फक्त या पाच जणांनी करायची आणि त्या पाच जणांनी मतच द्यायचे नाही. म्हणजे ज्यांना सगळे ठाऊक, त्यांच्यावर शपथ घ्यायची वेळच येत नाही. बाकीचे मतदार शपथ घ्यायला मोकळे, कारण कागदोपत्री त्यांना काहीच माहीत नाही. पैसे निवडणूक झाल्यावर वाटायचे.

कायदा करणाऱ्यांनी एकटा लाचखोर मतदार डोळ्यांपुढे ठेवला होता. आख्खी मंडळीच संघटित होऊन कायद्याच्या शब्दांना वळसा घालतील, हे त्यांनी धरलेच नव्हते.

उमेदवार आणि त्यांचा पैसा

१७७० मध्ये शोरहॅमचे एक सदस्य, आरमाराचे अधिकारी सर सॅम्युअल कॉर्निश वारले आणि पोटनिवडणूक लागली. कॉर्निश १७६२ च्या मनिला मोहिमेतले. पूर्वेकडचा माणूस गेला आणि त्याच्या जागेसाठी जे पुढे आले, त्यांच्याही थैल्या पूर्वेकडेच भरलेल्या होत्या.

टॉमस रंबोल्ड ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. प्लासीच्या लढाईत क्लाइव्हच्या हाताखाली होता, पुढे पाटण्याच्या वखारीचा प्रमुख, मग बंगालच्या कौन्सिलात. १७६९ मध्ये गडगंज होऊन इंग्लंडला परतला. जनरल रिचर्ड स्मिथ हाही बंगालच्या फौजेतून पैसा करून आलेला. जॉन पर्लिंग कंपनीच्या संचालक मंडळातला.

चौथा उमेदवार कमोडोर विल्यम जेम्स. कोकणचा इतिहास वाचलेल्याला हे नाव लगेच ओळखू येईल. २ एप्रिल १७५५ रोजी ‘प्रोटेक्टर’ या जहाजावरून तोफा डागून ज्याने तुळाजी आंग्र्यांचा हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग घेतला, तोच हा मुंबईच्या कंपनी आरमाराचा अधिकारी. त्या मोहिमेत नानासाहेब पेशव्यांचे आरमार रामाजी महादेवांच्या नेतृत्वाखाली कंपनीच्या बाजूने होते. मराठ्यांनी मराठ्यांचेच आरमार बुडवायला हातभार लावला, ही सल आपल्याकडे अजून आहे. त्या मोहिमेने नावारूपाला आलेला माणूस पंधरा वर्षांनी ससेक्सच्या एका बंदरात मते मागत उभा होता, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

शोरहॅममध्ये त्याला ४ मते मिळाली. जेम्सच्या पत्नीने त्याच्या मृत्यूनंतर, १७८४ साली, लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिल या टेकडीवर एक तिकोनी बुरूज उभारला, तो आजही आहे. त्याचे नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे सुवर्णदुर्गाचाच इंग्रजी अपभ्रंश. दारावरच्या शिलालेखात मलबार किनाऱ्यावरचा किल्ला घेतल्याचा दिवस कोरला आहे. हर्णैचा किल्ला त्यांनी मलबारवर नेऊन ठेवला, तारीख मात्र बरोबर दिली.

बोली अशा होत्या. स्मिथने मंडळाला ३,००० पौंड देऊ केले आणि शिवाय गावात ६०० टनांची जहाजे बांधून घेण्याचे वचन दिले. रंबोल्डकडून माणशी ३५ पौंडांची बोली आली. मंडळाची ऐंशी-पंच्याऐंशी माणसे धरली तर दोन्ही आकडे जवळपास एकाच ठिकाणी येतात. म्हणजे गावाचा भाव ठरलेला होता आणि बोलणाऱ्यांना तो ठाऊक होता. ३५ पौंड म्हणजे त्या काळच्या शेतमजुराची दीड-दोन वर्षांची कमाई. गरीब घराला ही रक्कम नाकारणे किती जड जाईल, हे वेगळे सांगायला नको.

इथे आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. १७७० हे बंगालच्या महादुष्काळाचे वर्ष. लोकसंख्येचा तिसरा हिस्सा गेला, असा वॉरन हेस्टिंग्जचा स्वतःचा अंदाज होता. ज्या मुलखात माणसे किड्यामुंगीसारखी मरत होती, त्याच मुलखातून कमावलेल्या पैशावर शोरहॅमची बोली चालली होती.

अडचण : मतदानाचा दिवस

स्मिथ मतदानापर्यंत टिकला नाही. नोव्हेंबर १७७० मध्ये मतदान झाले. मतदान तेव्हा उघड असे. मतदार पुढे येऊन उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगे आणि ते वहीत लिहिले जाई.

निवडणूक निर्णय अधिकारी होता गावचा कॉन्स्टेबल ह्यू रॉबर्ट्स. तो एकेकाळी स्वतः मंडळाचा सभासद होता आणि नंतर बाहेर पडला होता. कोण मंडळात आहे, पैसा कसा फिरतो, हे त्याला आतून माहीत होते. मंडळाचे लोक एकामागून एक आले, लाच न घेतल्याची शपथ घेतली आणि रंबोल्डचे नाव घेतले. रॉबर्ट्सने वहीत त्यांच्या नावांपुढे शंकेची खूण केली.

शेवटी आकडे असे : रंबोल्ड ८७, पर्लिंग ३७, जेम्स ४. रॉबर्ट्सने रंबोल्डची ७६ मते विकलेली म्हणून बाद केली. उरली ११. आणि त्याने पर्लिंगला निवडून आल्याचे जाहीर केले.

रॉबर्ट्ससमोर कोणते पर्याय होते

या प्रकरणाचा पहिला खरा निर्णय इथे झाला, म्हणून थोडे थांबून पाहू.

सर्वांत सरळ मार्ग होता तो वहीतल्या बेरजेप्रमाणे रंबोल्डला विजयी घोषित करण्याचा. कायद्याने तो निर्धास्त राहिला असता. पर्लिंगने निकालाविरुद्ध संसदेकडे अर्ज केला असता तर आपल्याला माहीत असलेले सगळे त्याने संसदेत साक्षीदार म्हणून सांगितले असते. पण पर्लिंगने अर्ज केलाच नसता तर? तोही कंपनीचाच माणूस, आणि हरलेल्याने खर्चात पडून अर्ज करावा अशी काही सक्ती नव्हती. मग मंडळ पुढच्या निवडणुकीलाही तसेच चालले असते.

दुसरा मार्ग, मतदानाच्या वेळीच ती मते नाकारणे. पण हातात पुरावा काय? मतदार शपथ घेऊन मोकळा होत होता. शपथेवर सांगितलेले खोटे आहे हे तिथल्या तिथे ठरवायचा अधिकार कॉन्स्टेबलला नव्हता.

तिसरा मार्ग त्या काळी रुळलेला होता : दोघांचीही नावे पाठवायची आणि निकाल संसदेवर सोडायचा. मते समसमान पडली किंवा निकालच संशयात असला की असे करत. ८७ विरुद्ध ३७ मध्ये तशी सबब सांगणे अवघड होते, पण अशक्य नव्हते. माझ्या मते त्याने हाच मार्ग धरायला हवा होता. प्रकरण संसदेपुढे गेले असते आणि न्याय करण्याचा आव त्याच्या अंगाला चिकटला नसता.

त्याने चौथाच मार्ग घेतला. त्याला जे माहीत होते ते खरे होते. ज्यांची मते त्याने बाद केली ते खरोखर विकले गेले होते. पण स्वतःला माहीत आहे म्हणून ७६ माणसांचे मत काढून घ्यायचे आणि अल्पमतातल्याला बसवायचे, हा पायंडा कुठे नेतो? पुढच्या वेळी दुसऱ्या गावचा कॉन्स्टेबल, ज्याच्या खिशात उमेदवाराचे पैसे आहेत, तोही म्हणेल की समोरची मते विकलेली आहेत. आणि पर्लिंगची ३७ मते सोवळी होती याची खात्री तरी रॉबर्ट्सने कुठे करून घेतली होती?

समितीपुढे

रंबोल्डने अर्ज केला, आणि वेळ नेमकी जुळून आली. त्याआधी निवडणुकीच्या तक्रारी आख्ख्या सभागृहात मताला टाकल्या जात. साक्षीपुरावे कुणी ऐकत नसे, ज्याचा पक्ष मोठा त्याचा माणूस बसे. १७४२ मध्ये चिपनमच्या निवडणुकीवरचे असे मतदान हरल्यावर खुद्द वॉलपोलला पंतप्रधानपद सोडावे लागले. जॉर्ज ग्रेनव्हिलने १७७० मध्ये कायदा करून हे बदलले. चिठ्ठ्या टाकून ४९ सदस्य काढायचे, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने नावे कापत १३ वर आणायचे, प्रत्येक बाजूचा एक असे दोन मिळवायचे आणि या १५ जणांच्या समितीने शपथेवर पुरावे ऐकून निकाल द्यायचा. ग्रेनव्हिल त्याच नोव्हेंबरात वारला. त्याच्या कायद्याखाली चाललेले पहिले प्रकरण म्हणजे हे शोरहॅम.

रॉबर्ट्सने समितीपुढे बचाव म्हणून मंडळाची सगळी कथा सांगितली. गुप्ततेची शपथ, पाच जणांची समिती, माणशी भाव, सगळे. समितीसमोर मग दोन वेगळे प्रश्न उभे राहिले. जागा कुणाची? आणि गावाचे काय करायचे?

पहिल्याचे उत्तर तिने नियमाने दिले. अधिकाऱ्याला मते बाद करण्याचा अधिकार नव्हता, म्हणून जागा रंबोल्डची. पण तिथेच न थांबता तिने मंडळाचा सगळा कारभार सभागृहापुढे मांडला. हे करायला ती बांधील नव्हती. जागेचा निकाल देऊन समिती घरी गेली असती तर शोरहॅमचे नाव आज कुणाला ठाऊक नसते. प्रकरणाचा दुसरा आणि सर्वांत चांगला निर्णय मी हाच मानतो.

संसदेसमोरचे पर्याय

सभागृह आता पेचात होते. गावाच्या दोन्ही जागाच काढून घ्याव्यात, हा एक विचार. पण मग त्या जागा द्यायच्या कुणाला? मँचेस्टर, बर्मिंगहॅमसारख्या वाढत्या गावांना सदस्य नव्हते, तरी तिकडे जागा नेण्याची तयारी तेव्हा कुणाची नव्हती. एका गावाच्या जागा दुसरीकडे नेणे पहिल्यांदा झाले १८२१ मध्ये, कॉर्नवॉलच्या ग्रॅमपाउंडच्या जागा यॉर्कशरला गेल्या तेव्हा. शिवाय एका गावाचा हक्क काढला की इतर गावांकडेही बोट जाणार, आणि सभागृहातले कितीतरी सदस्य अशाच गावांतून आलेले होते.

फक्त दोषींना शिक्षा करावी, हा दुसरा विचार. त्यात अडचण हिशेबाची होती. मंडळाची माणसे वगळली की गावात चाळीस-पन्नास मतदार उरतात. त्यांना विकत घेणे तर आणखी स्वस्त.

तिसरा विचार मतदारसंघच मोठा करण्याचा. शोरहॅम ज्या ब्रॅम्बर विभागात येते, त्या आसपासच्या सगळ्या मुलखातल्या, वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन असलेल्या मालकांना शोरहॅमच्या निवडणुकीत मत द्यायचे.

कारवाई

१७७१ च्या कायद्याने दुसरा आणि तिसरा उपाय एकत्र केला. मंडळाच्या सभासदांची नावे कायद्यातच एकेक करून छापली आणि त्यांचा मताचा हक्क कायमचा काढला. मतदारसंघ ब्रॅम्बर विभागापर्यंत वाढवला. मतदारांची संख्या शंभरावरून शेकड्यांवर गेली. रॉबर्ट्सला सभागृहाच्या कठड्यापाशी उभे करून सभापतींनी समज दिली. ज्याच्यामुळे सगळे उजेडात आले, त्याला ही बक्षिसी मिळाली.

निष्पत्ती

शोरहॅमपुरता उपाय लागू पडला. पाच माणसांनी एका खोलीत बसून गाव विकण्याचे दिवस संपले. एवढ्या पसरलेल्या मतदारांना एका शपथेत बांधणे कुणाला जमणारे नव्हते. हाच साचा पुढे १७८२ मध्ये क्रिकलेडला आणि १८०४ मध्ये एल्सबरीला वापरला. १८३२ मध्ये ५६ मतदारसंघ साफ पुसले गेले, त्यांत शोरहॅमच्या अगदी शेजारची ब्रॅम्बर आणि स्टेनिंग ही गावेही गेली. शोरहॅम मात्र टिकले.

विकणाऱ्यांचे असे झाले. विकत घेणाऱ्यांचे काय? रंबोल्ड १७७४ पर्यंत शोरहॅमचा सदस्य राहिला. त्या वर्षी तो शॅफ्ट्सबरीतून उभा राहिला. तिथे कळसूत्री खेळातल्या ‘पंच’चा वेश केलेला माणूस दाराच्या भोकातून मतदारांना गिनींच्या, म्हणजे सोन्याच्या नाण्यांच्या, पुड्या देत असल्याचे उघड झाले आणि रंबोल्डची जागा गेली. तरी १७७८ मध्ये तो कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर झाला. स्मिथने त्याच १७७४ मध्ये हिंडन नावाच्या गावात तोच उद्योग केला. त्याला १७७६ मध्ये दंड आणि तुरुंगवास झाला. जेम्सला १७७४ मध्ये वेस्ट लू या मुठीतल्या मतदारसंघातून जागा मिळाली, आणि पुढे तो कंपनीचा अध्यक्ष झाला.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी उणीव मला दिसते ती ही. कायद्यात जी नावे छापली ती सुतारांची, दुकानदारांची, छोट्या करदात्यांची. ३,००० पौंड आणि माणशी ३५ पौंड देऊ करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्या यादीत नाही. उलट जागा रंबोल्डलाच मिळाली. पैसा उमेदवाराच्या माणसांमार्फत गेला आणि उमेदवाराचा हात मोकळा राहिला, हीच युक्ती मंडळानेही वापरली होती. मंडळाची युक्ती सभागृहाने ओळखली, उमेदवाराच्या बाबतीत तिच्याकडे पाहिले नाही. तेव्हाच रंबोल्ड आणि स्मिथ यांना काही वर्षे उभे राहायला बंदी घातली असती तर शॅफ्ट्सबरी आणि हिंडन इतक्या सहज घडले नसते.

दुसरी उणीव, निवडणूकच रद्द करण्याचा विचार झाला नाही. समितीपुढे रंबोल्ड की पर्लिंग एवढाच प्रश्न ठेवला गेला. दोघेही नकोत, नव्या मतदारयादीवर पुन्हा मतदान घ्या, असे म्हणायला वाव हवा होता. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे पुढे आले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती आणि पैसा गावच्या मंदिरासाठी असल्याचे सांगितले जात होते. शोरहॅमच्या मंडळानेही धर्मादायाचेच पांघरूण घेतले होते. पैसा देवाच्या कामाला जाणार असला तरी ज्याच्याकडे तो नाही त्याचा उभे राहण्याचा हक्क गेलाच, आणि आयोगाने कारवाई केली ती योग्यच केली.

तिसरी गोष्ट उघड मतदानाची. मंडळाचा सगळा व्यवहार एका गोष्टीवर उभा होता : कुणी कुणाला मत दिले हे वहीत दिसते, म्हणून पैसे दिल्यावर माल मिळाल्याची खात्री होते. मत गुप्त असते तर रंबोल्डच्या ८७ मतांचा हिशेब कुणालाच लावता आला नसता, त्याच्या माणसांनाही नाही आणि मंडळाच्या समितीलाही नाही. पण गुप्त मतदान इंग्लंडमध्ये यायला १८७२ उजाडले, आणि प्रत्येक उमेदवाराच्या खर्चाला कायद्याची मर्यादा पडून त्याच्या प्रतिनिधीला हिशेब देणे भाग पडले ते १८८३ मध्ये. शोरहॅमच्या त्या पाच जणांनी उमेदवारांशी केलेली बोलणी या दोन कायद्यांखाली सापडली असती.